माईकवरचा हात

रिंगमध्ये मी कधी कुणाला रागाने मारल्याचं मला आठवत नाही. बॉक्सर म्हटला की तो चिडका असणार, असं लोकांना वाटतं. समोर उभा असायचा तो माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच घाबरलेला मुलगा. त्याच्याशी माझं काय वैर? मी ओहायो राज्याच्या हौशी बॉक्सिंगचा मिडलवेट चँपियन दोनदा झालो, आणि दोन्ही वेळा हरलेल्या मुलाबरोबर नंतर जेवायला गेलो. राग मी गाण्यासाठी राखून ठेवला होता. गाणं शिकलो ते एका माणसाचा सूड घ्यायचा म्हणून. शिकवणारी माझी आई होती.

आम्ही कोलंबसजवळ डब्लिनला राहायचो. बाबा नागपूरहून शिकायला आले, इंजिनिअर म्हणून नोकरीला लागले, आणि मी तीन वर्षांचा असताना आई मला घेऊन त्यांच्यामागून आली. तेव्हा तिथे मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकीच. पुढे ती वाढली, मंडळ निघालं, आणि मंडळ म्हणजे डॉक्टरकाका. ते मोठे सर्जन होते. त्यांचं बेसमेंट आमच्या अख्ख्या घराएवढं. भारतातून येणारा प्रत्येक गायक, प्रत्येक वादक त्यांच्याकडेच उतरायचा. कार्यक्रम कुणाचा ठेवायचा, कुणाला किती वेळ द्यायचा, गणपतीची आरती कोण सांगणार, हे तेच ठरवायचे. स्वतःही गायचे. कार्यक्रम कसलाही असो, सुरुवातीला काकांचं एक नाट्यपद ठरलेलं. आवाज बरा होता, तबलजीला मात्र त्यांच्यामागे धावावं लागायचं.

बाबांचे ते एकुलते एक मित्र. मित्र हा शब्द बाबांचा. काकांचा फोन आला की बाबा पानावरून उठायचे. काकांच्या गॅरेजचं दार अडकलं, पाइप तुंबला, एअरपोर्टवरून कुणाला आणायचं असलं, की बाबा गाडीची किल्ली घेऊन तयार.

आई लग्नाआधी बारा वर्षं गाणं शिकली होती. इथे ती लायब्ररीत परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं काम करायची. पण घरी कपड्यांच्या घड्या घालताना, भाजी चिरताना तिचा गळा चालू असायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच असतात.

मी सतरा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत तिला पहिल्यांदाच गायला वेळ मिळाला. शाळेची कॅफेटेरिया भाड्याने घेतली होती. टेबलावर शालू पसरून गणपती बसवला होता. आईने उन्हाळाभर भीमपलास घोटला होता, आणि आदल्या दिवशी सगळ्या मंडळासाठी मसालेभातही केला होता, कारण तोही दर वर्षी तिच्याकडेच असायचा. मी मागच्या भिंतीपाशी ॲल्युमिनियमच्या ट्रेंजवळ उभा होतो.

ती छान गात होती. मला तेव्हा गाण्यातलं काही कळत नव्हतं, तरी कॅफेटेरिया शांत झालेली कळत होती. विलंबित संपून द्रुत बंदिश सुरू झाली. अंतरा घेऊन ती वरच्या षड्जाला पोचते न पोचते तोच डॉक्टरकाका उठले. त्यांच्याकडे उतरलेले पुण्याचे एक नामवंत गायक लवकर येऊन पोचले होते. काका हसतहसत स्टेजवर गेले आणि त्यांनी माईकवर हात ठेवला.

"वहिनी, पुरे आता," ते म्हणाले. "घरगुती गाणं घरात गोड लागतं. आता जरा खरं गाणं होऊ द्या."

लोक हसले. आईचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं, स्वर त्यातून गेलेला होता. मी बाबांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत होते. तेही हसत होते. मोठ्याने नाही, पण दात दिसत होते.

आई उठली, पदर सारखा केला आणि खाली उतरली. नंतर जेवणाच्या वेळी तिनेच वाढलं. डॉक्टरकाकांनी मसालेभात दोनदा घेतला. "याला मात्र तोड नाही हं वहिनी," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मी तेव्हा दोन वर्षं बॉक्सिंग करत होतो. शाळेत मुलं छळायची म्हणून बाबा मला कराटेला घालायला घेऊन गेले होते, कराटेचा क्लास बंद निघाला, शेजारी टायरच्या दुकानावर बॉक्सिंगची जिम होती. एवढंच त्यामागचं कारण. घरी परतताना गाडीत मी मागच्या सीटवरून म्हणालो, "आई, आय विल ब्रेक हिज जॉ."

"जाऊ दे रे," बाबा म्हणाले. "त्यांच्या मनात तसं काही नव्हतं."

आई खिडकीबाहेर बघत होती. "त्याला हात लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली. हे ती कुणासाठी म्हणाली, बाबांसाठी की माझ्यासाठी, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेल्यावर तिने मला बेसमेंटमध्ये बोलावलं. वॉशिंग मशीनशेजारी चटई टाकली होती, त्यावर सूरपेटी. "बस," ती म्हणाली. "सा लाव."

माझं नाक एकदा मोडलेलं होतं. आवाज नुकताच फुटलेला. माझं मराठी अमेरिकन; मला ळ येत नव्हता, ण येत नव्हता. पहिले कित्येक आठवडे मी फक्त 'काळा', 'डोळा', 'बाण', 'प्राण' म्हणत होतो. आज हे मराठीत लिहू शकतो, ते त्या चटईमुळे. मला वाटलं होतं, मी रोज पहाटे मैलोगणती धावतो, तेव्हा श्वासाचा तरी प्रश्न येणार नाही. ती हसली. "हा पळणाऱ्याचा श्वास आहे. तू तो साठवतोस आणि एकदम टाकतोस. गाताना तो खर्च करायचा असतो, जपून."

माझे कोच कडक होते. स्वतः कधीकाळचे बॉक्सर, आता शाळेची बस चालवायचे. पण ते दमलेल्या मुलाला पाणी तरी द्यायचे. आई देत नसे. एक तान चुकली की पुन्हा, पुन्हा चुकली की पुन्हा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर ती सूरपेटीचा भाता थांबवायची, मी नाक पुसेपर्यंत वाट बघायची, आणि म्हणायची, "तो हसला होता तेव्हा. आठव." मग मी पुन्हा सा लावायचो.

बाबांच्या गाडीचा आवाज ड्राइव्हवेमध्ये आला की ती जिथे असेल तिथे थांबायची. तानेच्या मधोमध. त्या दिवसापासून बाबांच्या कानावर तिने एकही स्वर पडू दिला नाही. भाजी चिरताना आता घरात नुसता सुरीचा आवाज असायचा. बाबा एकदा म्हणाले, "हल्ली तू गुणगुणत नाहीस." ती म्हणाली, "घसा बरा नसतो."

मी पहिल्यांदा चँपियन झालो तेव्हा कोलंबसच्या पेपरात माझा फोटो आला. तोवर मंडळात माझ्या बॉक्सिंगबद्दल कुणी चांगलं बोलत नव्हतं. शिकल्यासवरल्या घरातला मुलगा मारामाऱ्या करतो, म्हणून काकू मंडळी आईकडे हळहळ व्यक्त करायच्या. फोटो आल्यावर सूर बदलला. डॉक्टरकाकांचा फोन आला. दिवाळीच्या कार्यक्रमात माझा सत्कार करायचा होता.

"हाच चान्स आहे," मी आईला म्हणालो. "माईक माझ्या हातात असेल. मी गातो."

"तुझं गाणं अजून कच्चं आहे. कच्चं गायलास तर तो पुन्हा हसेल."

"मग मी जाणारच नाही."

"जायचं. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, वाकून नमस्कार करायचा."

"आई, नो!"

"कमरेतून वाकायचं," ती म्हणाली.

मी वाकलो. त्यांच्या काळ्या चकचकीत बुटांना हात लावला. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाले, "हा आपला वाघ!" स्टेजवरून मला आई दिसत होती. ती टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून वाजवल्यासारख्या. मला तेव्हा तिची थोडी भीती वाटली.

मग गाणं हळूहळू बाहेर पडलं. कोलंबसच्या एका रेस्टॉरंटमध्ये शनिवारी दुपारी गझल गायला सुरुवात केली. मग पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांनी बोलावलं. एका वर्गात बाकं सरकवून चादरी अंथरल्या होत्या, आणि दारावर पोस्टर होतं: बॉक्सिंगचे ग्लव्ह्ज घातलेला माणूस तंबोरा धरून बसलाय. मला ते बघून लाज वाटली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "ग्लव्ह्ज बघायला येतात ना? येऊ देत. बसतील ते गाण्यासाठी." आणि तसंच व्हायचं. पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, एकदा डॅलस. कॉलेज चालू होतं, बॉक्सिंग चालू होतं, शनिवार-रविवार मी गात होतो. एक कॅसेटही निघाली. मी दुसऱ्यांदा चँपियन झालो त्या वर्षी एका इंग्रजी पेपराने माझ्यावर मोठा लेख छापला. त्यात गाण्याबद्दल जास्त होतं.

तो लेख डॉक्टरकाकांनी वाचला असणार. मंडळाला दहा वर्षं होत होती. त्यांचा फोन आला. "अरे, तू आमचा मुलगा! सगळ्या अमेरिकेत गातोस आणि आपल्याच गावात नाही? मुख्य कार्यक्रम तुझा. रविवारी दुपारी."

बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी गाडी धुऊन काढली. आईने फक्त विचारलं, "दुपारी ना? मग भीमपलास."

मला वाटलं, हेच ते. इतकी वर्षं जे चाललं होतं ते याचसाठी. त्याच गावात, त्याच लोकांसमोर, तोच राग, तीच बंदिश, आणि या वेळी अंतरा पुरा होणार. मी त्या महिन्यात जितका रियाज केला तितका कधी केला नाही. कोच वैतागले. "तुझी पुढची फाइट कुणाशी आहे, ते तरी मला सांग," म्हणाले. मी त्यांनाही कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं.

त्या दिवशी आम्हाला तयार व्हायला शाळेचा एक वर्ग दिला होता. भिंतींवर लहान मुलांची चित्रं होती. आई माझ्या कुर्त्याचं वरचं बटण लावत होती. अगदी सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "सुरुवातीला काका गाणार ना?"

"हो. नेहमीसारखं."

"अंतऱ्याला गेले की उठ. माईकवर हात ठेव. काय म्हणायचं ते तुला पाठ आहे."

"पण आई, तूच म्हणालीस ना, गाण्यानं... म्हणजे, हाऊ कम? मी चांगलं गायलो की झालं ना!"

"तू चांगलं गायलास की काय होईल, सांगू? तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवेल. म्हणेल, याला मीच पुढे आणला." तिने बटण लावलं आणि कॉलर नीट केली. "चांगलं गाणं म्हणजे गाणं असतं रे. त्यानं सूड उगवत नाही. सूड वेगळा घ्यावा लागतो."

"मग इतकी वर्षं हे सगळं कशाला?"

"त्याने तुला त्या स्टेजवर बोलवावं म्हणून."

डॉक्टरकाका गायला बसले. केस बरेच पांढरे झाले होते. मुखडा म्हणून झाला, तबलजी त्यांच्यामागे धावत होता, लोक सवयीने माना हलवत होते. काकांनी डोळे मिटून अंतरा उचलला. मी स्टेजच्या बाजूला उभा होतो. चार पावलं टाकली आणि माईकवर हात ठेवला.

"काका, पुरे आता," मी म्हणालो. "घरगुती गाणं घरात गोड लागतं. आता जरा खरं गाणं होऊ द्या."

माझा ण दोन्ही वेळा स्वच्छ आला. काही लोक हसले, थट्टा समजून. मग हसू मधेच विरलं. तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी तोंडावर हात ठेवला आणि वळून आईकडे पाहिलं. त्यांना आठवलं होतं. काकांनी डोळे उघडले. तोंड उघडंच होतं.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगायला हवं. आनंद झाला. दोन्ही चँपियनशिप मिळून जेवढा झाला नव्हता तेवढा. माझ्या हाताखाली तो गार माईक होता आणि समोर तो माणूस काय करावं हे न कळून बसला होता, आणि मला वाटलं, थोडा वेळ असाच राहू दे.

ते उठून खाली गेले. मी बसलो. सुरुवातीला माझा आवाज आवळलेला निघाला. पहिली पंधरा मिनिटं मी इतका वाईट गायलो की तबलजीने दोनदा वर पाहिलं. मग बसला आवाज. द्रुत बंदिश चांगली झाली. अंतरा पुरा केला, दोनदा घेतला. आजवर मी त्याहून चांगलं गायलेलो नाही. मी आईकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे बघत नव्हती. ती रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या डॉक्टरकाकांच्या चेहऱ्याकडे बघत होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझ्या गाण्यातलं तिने त्या दिवशी काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

कार्यक्रमानंतर काका त्या वर्गात आले. चेहरा लाल झाला होता. बाबा त्यांच्यामागे होते, काहीतरी समजावत.

"मी काय वाकडं केलं तुझं?" काका मला म्हणाले. "तुला शाल दिली, स्टेज दिलं. चार लोकांत असं वागतात?"

आईने सूरपेटी पिशवीत ठेवता ठेवता सांगितलं. गणपती, कॅफेटेरिया, भीमपलास, माईक, वाक्य. एकही शब्द न वाढवता.

काका गोंधळले. खरोखर गोंधळले; नाटक नव्हतं ते. "मी असं म्हणालो? वहिनी, मला खरंच आठवत नाही हो. असेन म्हणालो गमतीत. तुम्ही इतकी वर्षं..."

"तुम्हाला आठवत नाही, हे मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांसमोर करावं लागलं. आता आठवेल."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते. काका न जेवता गेले.

कोच मागच्या रांगेत सूट घालून बसले होते. त्यांना मराठीचा शब्द कळत नव्हता. बाहेर कॉरिडॉरमध्ये लाडू खात ते मला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला तू जे केलंस, ते बेल झाल्यानंतर मारल्यासारखं दिसलं."

"बेल झालीच नव्हती, कोच," मी म्हणालो.

त्यांनी लाडू संपवला, हात पुसले. "असेल. पण त्याचे हात खाली होते, बचावाला वर नव्हते," ते म्हणाले आणि आपल्या गाडीकडे निघून गेले. मला त्यांचा राग आला. अजूनही वाटतं, त्यांना अर्धीच गोष्ट माहीत होती.

घरी येताना बाबा गाडी चालवत होते. हायवे सोडून आत आलो. मग ते म्हणाले, "मीही हसलो होतो तेव्हा."

"पाहिलं मी," आई म्हणाली.

"मग माझं काय?"

"तुमचं चालूच आहे."

बाबांनी इंडिकेटर दिला आणि गाडी आमच्या रस्त्याला वळवली. मला वाटतं, ती गुणगुणत का नाही, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

मंडळ फुटलं. पुढच्या वर्षी गावात दोन गणपती बसले, आणि दोन्हीकडे लोक आपण इथेच का आलो हे एकमेकांना कुजबुजत सांगत होते. डॉक्टरकाका पुन्हा कुठल्या कार्यक्रमात गायले नाहीत. बाबांनी त्यांना फोन केले, त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन मुलीजवळ, डॅलसकडे गेले. मी त्यानंतर डॅलसला गायला गेलो तेव्हा आधी पहिली रांग पाहिली. ते नव्हते.

उजव्या हाताचं हाड मोडलं आणि माझं बॉक्सिंग थांबलं. गाणं अजून काही वर्षं चाललं, पण ते मोठं झालं नाही. ज्या एका माणसासाठी मी ते शिकलो होतो, तो ऐकून गेला होता. नंतर स्टेजवर बसलं की मला समोर कुणी दिसायचं नाही, नुसती माणसं दिसायची. कुणी विचारलं, पस्तावलास का, तर मी नाही म्हणतो. खोटं नाही ते.

आई मात्र गायला लागली. नव्या मंडळाने तिला बोलावलं, मग क्लीव्हलँडच्या लोकांनी. पन्नाशीच्या जवळ आलेली बाई, पण आवाज बारा वर्षांच्या तालमीतला. तबल्याला मी कुणीतरी शोधून द्यायचो. गाडी बाबा चालवायचे. ते पेटी उचलून हॉलच्या दारापर्यंत आणून द्यायचे आणि परत जाऊन पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसायचे. आत यायचं नाही, हे तिने त्यांना कधी सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच कळलं होतं, मी विचारलं नाही. हिवाळ्यात काचांवर वाफ धरलेली असायची, हीटर चालू, हातात पेपर. मध्यंतर झालं की आई कागदी कपात चहा घ्यायची, वर झाकण लावायची, कोट चढवायची आणि बर्फातून सांभाळत गाडीपर्यंत जायची. काच खाली व्हायची, कप आत जायचा. ती परत यायची आणि पुढचा राग सुरू करायची.